आष्टीच्या बाजारातली शीग

आमच्या घरात काही बिघडलं की ते माझ्यामुळं बिघडलं असं धरून चालायचा जुना रिवाज आहे. दूध नासलं, दोरी तुटली, पाव्हण्यांची गाडी चुकली, तरी बायको आधी माझ्याकडं पाहते. बहुतेक वेळा हा माझ्यावर अन्याय असतो. पण वडलांच्या हातून आष्टीच्या बाजारातलं माप गेलं, त्यात मात्र माझा हात होता, आणि तो दोन ठिकाणी होता. पोरांना ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली, दर वेळी हसवून सांगितली, आणि दर वेळी दुसरं ठिकाण गाळून सांगितली. आता लिहायलाच बसलोय तर दोन्ही लिहितो.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. बाजार त्यांना मामा म्हणायचा. ते मापाडी होते. धान्य विकणारा आणि घेणारा यांच्या मधे बसून पायलीनं धान्य मोजून द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या आधी त्यांच्या चुलत्यांनी ते केलं होतं. बाजाराच्या दिवशी चिंचेखाली घोंगडी अंथरायची, समोर तागाचं पटकूर, त्यावर ज्वारीची रास. एक मांडी घातलेली, एक गुडघा उभा. दोन्ही हातांनी ज्वारी ओढून पायलीत भरायची, शेवटी तळव्यानं एक गिरकी द्यायची की पायलीच्या तोंडावर निमुळतं टोक उभं राह्यचं. त्याला शीग म्हणतात. शीग लागली की पायली पोत्यात उलटी.

पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही. शेतकरी हिंदू असला तर दादा 'लाभ' म्हणायचे, मुसलमान असला तर 'बरकत'. मंग दोन, तीन. आणि पुढची पायली भरेपर्यंत मागचाच आकडा घोळवत ठेवायचा, म्हणजे मधे कोणी बोलावलं, शिंक आली, भांडण लागलं, तरी मोजणी तुटत नाही. 'बाराऽऽ बारा बारा बारा' असं लांबून ऐकू आलं की रस्त्यानं येणारी माणसं म्हणायची, बाजार भरला.

त्या शिगेवर कोणी कधी बोट ठेवलं नाही. ज्वारीची शीग वेगळी, तुरीची वेगळी, करडीची तर उभीच राहात नाही, तिला थोडं चेपावं लागतं. पण काठोकाठ सपाट माप दादांनी कोणाला दिलेलं मी पाहिलं नाही. सपाट माप म्हणजे त्यांच्या लेखी पाव्हण्याला रिकामं ताट वाढण्यासारखं होतं. विकणाराही शीग धरूनच भाव सांगायचा, त्यामुळं त्याचं काही जात नव्हतं. पटकुरावर जे दाणे मागं उरायचे ते आमचे, आणि वर ठरलेली मापाई, तीही धान्यातच. आमच्या घरात ज्वारी, तूर, हरभरा, मूग असं सगळं एकाच मडक्यात असायचं. त्याची भाकरी कशी लागते हे ज्यानं खाल्ली त्यालाच माहीत. माझ्या बायकोनं लग्नानंतर पहिल्या दिवशी ती खाल्ली आणि विचारलं, "हे नेमकं कशाचं हाय?" माय म्हणाली, "समद्या बाजाराचं."

आता पहिलं ठिकाण.

निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दू, आणि मी परतूरच्या तसल्या मदरशात पाच इयत्ता शिकलो होतो. गावात त्यामुळं मला शिकलेला समजत, आणि मी समजू देत होतो. वय बावीस-तेवीस असेल. लग्न झालेलं, काम ठरलेलं नाही. दादांचं माप मी शिकावं असं सगळ्यांना वाटायचं. पण माझी शीग लागायची नाही. गिरकी दिली की ज्वारी चारी बाजूंनी ओघळायची. दादा एवढंच म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. तुझा हात लिवायचा हाय." त्या हातानं मी गावातल्यांचे अर्ज लिहायचो. तेही आठवड्याला एखादा.

त्या साली एका आडत्याबरोबर मी जालन्याला गेल्तो. तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या पेठेत, मी पहिल्यांदा लोखंडी काटा पाहिला. जमिनीपासून वीतभर उंच लोखंडी पाट, एका टोकाला छातीएवढा खांब, खांबावर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं एक वजन. पोतं पाटावर ठेवायचं, वजन सरकवायचं, दांडी सरळ झाली की आकडा वाचायचा. संपलं. दादांना एक पोतं मोजायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात तिथं आठ-दहा पोती पलीकडं जात होती. आणि मोजणारा माणूस पान खात होता. मला त्या पान खाण्याचंच जास्त कौतुक वाटलं.

गावी आलो आणि मी गप्प बसलो नाही. न्हाव्याकडं सांगितलं, पारावर सांगितलं, आणि शेठजींच्या ओट्यावर तर हातवारे करून सांगितलं. शेठजी म्हणजे आष्टीतले मोठे आडते. बाजारातला निम्मा माल तेच घ्यायचे. त्यांनी अडकित्ता थांबवला आणि विचारलं, "एका वक्ताला किती पोते?"

"ठेवाल तेवढे," मी म्हणालो. जसा काही काटा माझ्या मामाच्या कारखान्यातला होता.

"आन भांडणं?"

"भांडणं कशाची शेठजी? दांडी सरळ झाली म्हणजे झाली. तिथं कोणी बोलूच शकत न्हाई."

शेठजींनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली. मी खूश होऊन घरी गेलो. हे पहिलं ठिकाण.

चार-पाच महिन्यांनी परतूरच्या स्टेशनावर काटा उतरला. तो आणायला गाडी पाहिजे होती, आणि शेठजींच्या बैलांपैकी एक नेमका लंगडत होता. मंग आमची गाडी गेली. आमचेच बैल, हाकायला मी. खांब तागात गुंडाळलेला, पाट पेंढ्यात. परतूर ते आष्टी सबंध रस्ता मी त्याला ऊन लागू नये म्हणून वर घोंगडी टाकली होती. ती घोंगडी दादांची बाजारात अंथरायची. हे मला तेव्हा कसं सुचलं नाही ते मला आजही कळत नाही.

काटा शेठजींच्या गोदामापुढच्या फरशीवर बसला. पाठोपाठ दवंडी झाली की पुढच्या महिन्यापासून पोत्यानं जाणारा माल काट्यावर जाईल, पायली फक्त किरकोळ घेणाऱ्याला. काट्यावर जो माणूस उभा राहील त्याची सरकारी साहेब येऊन परीक्षा घेईल आणि त्याच्या नावचा कागद देईल. कागद नसेल तर काट्याला हात लावायचा नाही.

शेठजी वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. ते स्वतः आमच्या घरी आले, ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि दादांना म्हणाले, "मामा, मशीन माझी, पन माणूस तुम्हीच. लोकाचा भरवसा मशीनीवर न्हाई, तुमच्यावर हाय. तुम्ही उभे ऱ्हा. साहेबाचा कागद तुमच्या नावचा व्हऊ द्या."

"आन न्हाई झाला तं?" मायनं आतून विचारलं.

शेठजींनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "तं मंग जालन्याहून माणूस आणावा लागंल. मला तरी काय करता येतं?"

किरकोळ मापावर घर चालणार नव्हतं. मडक्यातलं धान्य पोत्यांच्या मापाचं होतं. म्हणजे कागद झाला तर दादा बाजारात, नाही तर बाजाराबाहेर. इतकं ते सरळ होतं. साहेब यायला पंधरा दिवस होते.

शिकवायला मी. रोज दुपारी बाजार नसला की गोदामापुढं आम्ही जायचो. दादांना आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी दांडीवरच्या खाचा नखानं मोजून पाठ केल्या. दोन दिवसांत. मला पाढे पाठ करायला दोन वर्षं लागली होती. वजन कुठं लावायचं, पोतं पाटाच्या मधे कसं बसवायचं, दांडी हलायची थांबेपर्यंत कसं थांबायचं, सगळं त्यांना आलं. एकच येईना.

मणाच्या खाचेवर वजन लावलं, पोत्यात ज्वारी ओतत आणली, दांडी हळूहळू उचलली, सरळ झाली.

"बस दादा. बराबर झालं."

"झालं," दादा म्हणाले, आणि दांडी वर गेली.

"मंग हे मूठभर कामून टाकलं?"

"कवा?"

"आत्ता."

"म्या न्हाई टाकलं."

दादा खोटं बोलत नव्हते. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, तर बोटांना ज्वारीची धूळ. पलीकडं एक हमाल पोत्यावर पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "मामा, तुमचा हात तुम्हाला न इचारता काम करून राह्यला."

"तू गप रं. तुझं तं समदं आंग न इचारता झोपून राह्यलं," दादा म्हणाले, आणि ज्वारी काढून पुन्हा पहिल्यापासून.

दहा वेळा केलं तर आठ वेळा ती मूठ पडायची. मी समजावून सांगायचो. दादा, शीग पायलीची असते, काट्याला शीग नसते. मण म्हणजे मण. जास्त दिलं तर विकणाऱ्याचं जातं, कारण आता भाव सपाट मणाचा ठरलाय. दादा सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, "खरं हाय," म्हणायचे. आणि एकदा म्हणाले, "पर ते पोतं पाह्यलं की त्याला काही दिल्यावानी वाटत न्हाई."

घरी हे ऐकून मायनं तोडगा काढला. "हाताला दुसरं काम द्या." तपकिरीची डबी उजव्या हातात घट्ट धरून ठेवायची आणि ओतायचं डाव्या हातानं. दुसऱ्या दिवशी डबीसकट मूठ पोत्यात गेली. शेठजींच्या ज्वारीला आठवडाभर तपकिरीचा वास येत होता आणि हमाल शिंकत होते. मंग डावा-उजवा करून शेवटी असं ठरलं की काम डाव्या हातानं करायचं आणि उजवा मागं धोतराच्या कंबरेत खोचून ठेवायचा. दिसायला जरा विचित्र दिसायचं, जणू कंबरेत कळ निघालीय. पण चाललं. शेवटचे तीन दिवस एकदाही मूठ पडली नाही.

बायको मला म्हणाली, "तुमचे दोन्ही हात आवो कव्हाचे खोचून ठेवलेत, तुम्हाला कोण इनाम देतं का?"

साहेब बाजाराच्याच दिवशी आले. छपराच्या गाडीतून उतरले ते एक बारीक, तरुण गृहस्थ, फिकट शेरवानी, डोळ्याला चष्मा. शेठजींनी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. खुर्चीवर गादी घातली, ती काढायला लावली. पाणीसुद्धा स्वतःच्या सुरईतलं प्याले. हे पाहून शेठजी माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "हा कडक हाय." साहेबांना मराठी येत नव्हती आणि दादांना उर्दू. मधे मी. पाच इयत्तांवर मी टोपी सरळ करून उभा राहिलो.

बाजार सगळा गोळा झाला. बायका भाजीचे वाटे तसेच टाकून आल्या होत्या. साहेबांनी आधी काटा तपासला, आपल्या पेटीतली वजनं ठेवून पाहिली. मंग दादांना बोलावलं. एक पोतं झालं. दांडी सरळ. साहेब वाकून, डोळा दांडीच्या रेषेत आणून पाहायचे. दुसरं झालं. तिसरं अर्ध्या मणाचं, अवघड, तेही झालं. दादांचा उजवा हात कंबरेत तसाच.

"बिलकुल बराबर," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "बुज़ुर्ग का हाथ अच्छा है।" मी ते मोठ्यानं मराठीत सांगितलं. गर्दीत कोणीतरी 'वा' म्हणालं. शेठजींनी डोळे मिटून श्वास सोडला. मी दादांकडं पाहिलं, तर त्यांनी हात कंबरेतून काढला होता आणि धोतरावर पुसत होते.

साहेबांनी कागद काढला, दौत उघडली. मंग त्यांना काही आठवलं. त्यांच्या गाडीवानाला बोलावून त्यांनी एक कापडी पिशवी मागवली आणि मला म्हणाले की आष्टीची ज्वारी चांगली असं ऐकलंय, घरी न्यायची आहे, दहा शेर द्यायला सांगा, बाजारभावानं, आत्ताच मोल देतो. ते त्यांनी आधी देऊनही टाकलं, समोरच्या शेतकऱ्याच्या हातात.

मी दादांना सांगितलं, "साहेबाला दहा शेर."

पुढं काय झालं ते मी इतक्या वेळा सांगितलंय की ते मला आता सांगितल्यासारखंच आठवतं. परीक्षा संपली होती. हे दादांच्या लेखी माप नव्हतंच. परगावचा माणूस आपल्या गावचं धान्य घरी नेत होता. पिशवी पाटावर ठेवली. दहा शेराच्या खाचेवर वजन. ज्वारी ओतली, दांडी सरळ झाली. मंग दादा खाली वाकले, आणि मूठ नाही, दोन्ही हातांची भरगच्च ओंजळ घेतली, पिशवीत सोडली, आणि साहेबांच्या तोंडाकडं पाहून म्हणाले, "लाभ."

दांडी खाडकन वर जाऊन अडली.

साहेबांची लेखणी कागदावर टेकलेली होती, ती त्यांनी उचलली. "ये क्या है?"

दादा हसत होते. त्यांना वाटलं साहेब आभार मानतायत. "असू द्या साहेब, घरी लेकरंबाळं असतील."

"क्या कहा इन्होंने?" साहेबांनी मला विचारलं.

आणि इथं दुसरं ठिकाण येतं. मला हजार गोष्टी सांगता आल्या असत्या. पायलीची, शिगेची, चुलत्यांची, कंबरेत खोचलेल्या हाताची. पण शिगेला उर्दूत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, आणि साहेब वाट पाहत होते, आणि मी शिकलेला होतो. मी जे ऐकलं ते अक्षरशः सांगितलं. "साहब, कहते हैं, आपके बच्चों के लिए।"

साहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मेरे बच्चों के लिए," ते हळू म्हणाले. मंग त्यांनी बाजाराकडं पाहिलं, शेठजींकडं पाहिलं. त्यांनी चहा नाकारला होता, गादी काढली होती, आणि आता शंभर माणसांसमोर त्यांच्या पिशवीत जास्तीची ज्वारी होती आणि कागदावर अजून सही व्हायची होती. त्यांना दुसरं काय वाटणार होतं?

गर्दीला कळलं की काहीतरी बिनसलं. तो हमाल पुढं आला. चांगल्या मनानं आला, हे नक्की. मला म्हणाला, "अरं सांग की साहेबाला, मामा समद्यालाच देतेत. साहेबालाच दिलं असं न्हाई."

दोन-चार बायकाही म्हणाल्या, "व्हय, आम्हाला बी देतेत. सांग की."

मी सांगितलं. "साहब, ये सबको देते हैं।"

"सबको?" साहेब म्हणाले. "सबको ज़्यादा देते हैं? तो फिर तौलते किसलिए हैं?"

याचं उत्तर मी आजही कधी कधी शोधतो. चांगली उत्तरं सुचतात, अंघोळ करताना वगैरे, आणि सगळी मराठीत सुचतात.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, गावाला ओरडणारे साहेब कळायचे. ते शेरवानी सावरून खाली उकिडवे बसले आणि पिशवीतली ज्वारी स्वतःच्या हातानं थोडी थोडी काढून राशीवर टाकत राहिले, दांडी सरळ होईपर्यंत. शेवटी शेवटी चार चार दाणे काढत होते. बाजार पाहत होता. दादाही पाहत होते. त्यांच्या तोंडावर हसू तसंच राहून गेलेलं होतं. ते काढायचं त्यांना सुचलं नाही.

मंग साहेब उठले आणि मला म्हणाले, "तुम पढ़े हो?"

"जी."

"इनके कौन हो?"

"बेटा हूँ, जी."

"तौलो."

मी तोललं. माझ्या हाताला शीग कधी लागलीच नव्हती, त्यामुळं माझी दांडी सरळ व्हायची आणि सरळ राहायची. एक पोतं, दुसरं, तिसरं. साहेबांनी तिन्ही वेळा डोळा रेषेत आणून पाहिलं. मंग त्यांनी माझं नाव विचारलं आणि कागदावर घातलं. मला नको म्हणता आलं असतं. शेठजी माझ्याकडं पाहत होते, त्यांच्या डोळ्यांत जालन्याचा माणूस मला स्पष्ट दिसत होता. कागद आमच्या घरात आला नाही तर तो त्या जालन्याच्या माणसाच्या घरात जाणार. मी दादांकडं पाहिलं. ते खाली सांडलेले दाणे गोळा करत होते, मान वर केली नाही. मी म्हणालो, "जी." पोरांना गोष्ट सांगताना मी इथं सांगतो की साहेबांनी सक्ती केली. सक्ती कोणी केली नव्हती.

घरी आल्यावर माय दारातच उभी होती. तिला बाजारातून आधीच कळलं होतं, आमच्या गावात बातमी माणसाच्या पुढं घरी पोचते. दादांनी पाय धुतले, बसले. माय म्हणाली, "तो साहेब आंधळा हाय का? जलमात कोणाचा दाणा घेतला न्हाई त्या माणसाला त्यानं..."

"साहेब खरा माणूस हाय," दादा म्हणाले.

"मंग चुकलं कोणाचं?"

दादांनी विचार केला. खरंच विचार केला, एखादं अवघड माप असावं तसा. मंग म्हणाले, "कोणाचंच न्हाई," आणि जेवायला वाढ म्हणाले.

बायकोनं मला वाढलं, पण त्या दिवशी मला टोमणा मारला नाही. त्यावरून मला कळलं की प्रकरण मोठं आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून मी काट्यावर उभा राहिलो. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं मामा आजारी आहेत. मंग काही जण चिडले, एका म्हाताऱ्यानं माझ्या तोंडावर सांगितलं की तुझ्या हातून घेतलेलं पोतं घरी जाईस्तोवर हलकं होतं. मी म्हणालो, दांडी पाह्य बाबा. त्यानं दांडी पाहिली, ती सरळ होती, आणि तो गप्प झाला. जालन्याहून आल्यावर मी शेठजींना सांगितलं होतं तसंच झालं. तिथं कोणी बोलूच शकत नव्हतं. दोन महिन्यांत काम इतक्या झटक्यात होऊ लागलं की दुपारनंतर मलाच काही उरेना. पान मात्र मी खाल्लं नाही. आणून ठेवलं होतं एकदा, पण लावलं नाही.

दादांनी एक हंगाम खळ्यावर मापं केली. लांबच्या शेतातले लोक गड्यांचं, बलुतेदारांचं धान्य वाटायला त्यांना न्यायचे. तिथं पायली चालायची. पुढच्या हंगामात त्यांतलेही बोलावीनासे झाले. गडी म्हणत, आम्हाला काट्यावरचं द्या, तिथं फसवणूक न्हाई. दादांना फसवणारा कोणी म्हणत नव्हतं. पण काटा आल्यावर पायलीनं मोजणारा प्रत्येक माणूस आधी स्वतःला खरा ठरवायला लागत होता, आणि दादांना ते कधी करावं लागलं नव्हतं, त्यामुळं येत नव्हतं. किरकोळ मापाला त्यांनी बसावं असं शेठजींनी दोनदा सुचवलं. "चिंचेखालची जागा तुमचीच हाय मामा, कोण हटवतं?" दादा हो म्हणाले आणि गेले नाहीत. मंग ती जागा एका बांगडीवाल्यानं धरली. बाजाराच्या दिवशी ते शेताकडं जायचे, तिकडं काम असो नसो. निजामाचं राज्य जायला तेव्हा अजून काही वर्षं होती. ते गेलं तेव्हाही बाजाराच्या दिवशी दादा शेतातच होते.

बाजाराच्या दिवशी शेतातून परत आले की हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि मला विचारायचे, "आज किती माल आला?"

मी सांगायचो. इतके पल्ले, इतके मण.

"म्हणजे पायल्या किती?"

मी पाटी घ्यायचो आणि मणांच्या पायल्या करायचो. पहिल्यांदा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "ज्वारी नवी व्हती का जुनी?"

"काय म्हाईत."

"म्हाईत न्हाई म्हणजे? नवी असंल तं पायली कमी भरती. ओलसर व्हती का?"

"दादा, पोतं शिवून येतं. मी दांडी पाहतो."

"हात न्हाई घातला?"

"कामच पडत न्हाई."

दादांनी मान हलवली. त्यानंतरही पुष्कळ दिवस ते विचारत राहिले, कुणाची ज्वारी होती, दाणा कसा होता, कुणाच्या तुरीला यंदा कीड लागली का. मी अंदाजानं काहीतरी सांगायचो. दोनदा तर पारावर ऐकलेलं सांगितलं. दादांच्या लक्षात यायचं, पण ते ऐकून घ्यायचे. एकदा मी ज्याची तूर चांगली म्हणून सांगितली त्याच्या शेताला त्या वर्षी पाणीच नव्हतं, आणि दादा त्याच वाटेनं घरी आले होते. पुढच्या बाजाराला मी घरी आलो, ओट्यावर दादांच्या शेजारी बसलो, टोपी काढली आणि ते माल किती आला विचारतील म्हणून वाट पाहिली. मायनं पाणी आणलं. दादा समोरच्या वासराकडं पाहत होते. मंग म्हणाले, "याचं दावं बदललं पाह्यजे," आणि उठून गोठ्यात गेले.